हायड्रोजन स्वदेशी, किल्ली परदेशी?

सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी प्रभादेवीत येणाऱ्या भाविकांपैकी अनेकांनी वीर सावरकर मार्गावरील 'बेंगॉल केमिकल' हे बसथांब्याचे नाव वाचलेले असते. मंगळवारच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या नावामागील इतिहास ठाऊक असतो, हा प्रश्न मात्र विचारू नये हेच बरे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोहून विज्ञानातील डॉक्टरेट घेऊन परतले, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले आणि १८९२ साली कलकत्त्यात भाड्याच्या घरात, अवघ्या सातशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी औषधे व रसायने बनवण्यास प्रारंभ केला. १९०१ साली त्याची रीतसर कंपनी झाली. १९३८ साली त्याच कंपनीचा कारखाना मुंबईत, प्रभादेवीला उभा राहिला. प्राध्यापकाने प्रयोगशाळेत जे सिद्ध केले ते कारखान्यात उतरले पाहिजे, एरवी ते ज्ञान परक्याच्या दारी हमाली करील, हे आचार्यांनी ओळखले होते. हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिणारा हा पुरुष पूर्वजांच्या गौरवावर थांबला नाही, त्याने गंधकाम्लाच्या टाक्या उभारल्या.

हे स्मरण आज करण्याचे कारण हायड्रोजन.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद, २०३० पर्यंत वर्षाकाठी ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचे लक्ष्य. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. खनिज तेलासाठी आखाती देशांपुढे हात पसरणाऱ्या राष्ट्राने असा संकल्प सोडावा, यापरते समाधान कोणते? सूर्य भारताचा, वारा भारताचा, पाणी भारताचे. त्यांतून निघणारा वायू कोणत्याही शेखाच्या वा बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीचा नाही. इथवर सारे उत्तम आहे. अडचण पुढे आहे, आणि ती अशी आहे की भाषणांत तिचा उल्लेख करण्याची कोणासही निकड वाटत नाही.

हायड्रोजन निर्माण करणे ही एक गोष्ट, तो नेणे ही दुसरी. सूर्यप्रकाश मुबलक कच्छच्या रणात आणि राजस्थानात. वायूची गरज कारखान्यांत, बंदरांत आणि महानगरांत. हा वायू सर्व मूलद्रव्यांत हलका. तो उणे २५३ अंश सेल्सिअसला थंड केला तरच द्रव होतो, आणि त्यासाठी त्यात साठलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा खर्ची पडतो. वायुरूपातच न्यावा तर त्याला वातावरणाच्या सातशेपट दाबाखाली कोंडावे लागते. असे नळकांडे लालबागच्या चाळीखाली किंवा परळच्या इस्पितळामागे उभे करण्याची कल्पना कोणा सुज्ञ माणसास रुचेल? अमोनियाच्या रूपात तो नेता येतो, त्याच्या वजनाच्या १७ टक्क्यांहून अधिक हायड्रोजनच असतो. पण अमोनिया विषारी आहे, आणि भोपाळची डिसेंबर १९८४ मधली रात्र ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना दाट वस्तीतील विषारी वायूविषयी व्याख्यान देण्याची गरज नाही.

म्हणून जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिसरा मार्ग शोधला. रंगकामाच्या थिनरमध्ये असते ते टोल्युइन घ्यायचे आणि त्याच्या प्रत्येक रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू जोडायचे. तयार होतो मेथिलसायक्लोहेक्झेन हा साधा द्रव. नाव अवघड आहे, वागणूक मात्र पेट्रोलसारखी. नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाखाली, नेहमीच्या टँकरमधून तो नेता येतो. एक घनमीटर द्रवात सुमारे ४७ किलो हायड्रोजन दडलेला असतो, म्हणजे सातशेपट दाबाखाली कोंडलेल्या वायूपेक्षाही थोडा अधिकच. मुक्कामी पोहोचल्यावर हायड्रोजन मोकळा करायचा आणि उरलेले टोल्युइन पुन्हा भरणीसाठी परत धाडायचे. दुधाच्या बाटल्या सकाळी भरून याव्यात आणि रिकाम्या परत जाव्यात, त्यातलाच हा प्रकार. हा द्रव अगदी निरुपद्रवी आहे असे नव्हे. तो पेट घेतो आणि टोल्युइनची वाफ आरोग्याला घातकच. परंतु अशा द्रवांच्या टाक्या, नळ, टँकर आणि ते हाताळणारे अनुभवी कामगार माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या परिसरात कित्येक दशकांपासून आहेत. मुंबईसारख्या शहराला नव्या सोयीसाठी जुने काही मोडावे लागत नाही.

सगळी ग्यानबाची मेख आहे ती 'हायड्रोजन मोकळा करायचा' या तीन शब्दांत. टोल्युइनला जडलेला हायड्रोजन आपण होऊन सुटत नाही. त्याला तीनशे ते चारशे अंशांच्या घरातील उष्णता द्यावी लागते, आणि ती उष्णता त्या हायड्रोजनपासून मिळणाऱ्या ऊर्जेच्या चौथाईहूनही थोडी अधिक भरते. एवढे करूनही उत्प्रेरक नसेल तर काम होत नाही. उत्प्रेरकाचे वर्णन शाळेत लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखे केले जाते: दोन्ही पक्षांना जवळ आणतो, स्वतः मात्र जसाच्या तसा राहतो. येथे त्याच्याकडून काडीमोड करून घ्यायचा असतो, आणि तोही असा की टोल्युइनच्या अंगाला ओरखडा उमटू नये. उमटला तर रेणू तुटतात, काजळीसारखा कार्बन उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो, काही काळाने सारे यंत्र निकामी होते, आणि परत धाडायचे टोल्युइनही फेरीगणिक घटत जाते. या साऱ्या कसोट्यांना उतरणारा धातू आजवर एकच ठरला आहे. तो प्लॅटिनम.

आणि प्लॅटिनम कोठे सापडते? जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी बहुतांश एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते, त्याखालोखाल रशियातून. ओडिशातील बौला-नुआसाही येथे या गटातील धातूंचे साठे आढळले आहेत, तथापि भारताची गरज आजही आयातीवरच भागते. उत्प्रेरक बनवण्याची कृती हे तर त्याहून मोठे बंधन. ॲल्युमिनावर प्लॅटिनमचे कण किती बारीक पसरावेत, ते एकमेकांत मिसळून जाड होऊ नयेत म्हणून काय करावे, हे ज्याला साधले त्याच्या पेटंटाखाली सारे जग जाते. जपानच्या चियोदा कंपनीने प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांना गंधकाचा अगदी हलका हात देऊन त्यांची खोडकर वृत्ती आटोक्यात आणली. योकोहामात २०१३-१४ मध्ये तिचे प्रात्यक्षिक संयंत्र सुमारे दहा हजार तास चालले. पुढे २०२० साली ब्रुनेईत द्रवाला जडवलेला हायड्रोजन जहाजातून कावासाकीला आला, तेथे मोकळा होऊन वीजकेंद्राच्या टर्बाइनमध्ये गेला आणि रिकामे टोल्युइन ब्रुनेईला परतले. वर्षाकाठी जेमतेम २१० टनांची क्षमता. मुंबईतला एखादा उद्योगपती हा आकडा ऐकून हसेल. जपानी माणूस हसला नाही. त्याच्या सरकारने या उपद्व्यापाला पैसे दिले, कारण मालाच्या टनांहून किल्लीची मालकी मोलाची, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता एक प्रश्न. भारतात हे कोणाला सुचलेच नव्हते काय?

सुचले होते, आणि तेही महाराष्ट्रात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील, म्हणजे 'नीरी'तील डॉ. राजेश बिनीवाले यांनी जपानमधील होक्काइदो विद्यापीठाच्या मासारु इचिकावा यांच्यासमवेत याच विषयावर काम केले. २००५ साली त्यांचा जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याचे सूत्र प्रत्येक स्वदेशीप्रेमी माणसाने समजून घ्यावे असे आहे. सक्रिय कार्बनच्या आधारावर मुख्य धातू म्हणून स्वस्त निकेल घ्यायचे, प्लॅटिनम केवळ चिमूटभर मिसळायचे. स्वयंपाकात केशर घालतात तसे. मिश्रणाची कामगिरी नुसत्या निकेलहून सरस ठरली. दुसरे कौशल्य संयंत्राच्या रचनेत होते. द्रव एकसारखा न ओतता तापलेल्या उत्प्रेरकावर ठरावीक अंतराने त्याचे तुषार सोडायचे. पृष्ठभाग क्षणभर ओला होतो, क्षणात कोरडा होतो. मोकळा झालेला वायू निघून जातो आणि उत्प्रेरक थंड पडण्याआधी पुन्हा तापतो. २००८ साली नीरीच्या साधना रायलू आणि तत्कालीन संचालक सुकुमार देवोट्टा यांच्यासह हायड्रोजनचा साठा व पुरवठा यांवरचा उपाय म्हणून या द्रव वाहकांची मांडणी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात झाली. त्यानंतर २०१२च्या सुमारास नीरीतच चांदी हा मुख्य धातू घेऊन, त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम किंवा ऱ्होडियम अल्प प्रमाणात मिसळून प्रयोग झाले. चांदी! लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवण्यापलीकडे तिचा काही उपयोग असेल, असे किती घरांत कोणी सांगितले असेल?

योकोहामाचे संयंत्र सुरू होण्याच्या आठ वर्षे आधी नागपूरचा माणूस या प्रश्नाशी झुंजत होता. दोन्ही देशांत बुद्धीचे अंतर नव्हते. अंतर होते ते प्रयोगशाळेतील काचेची नळी आणि कारखान्यातील पोलादी नळी यांच्यामधले. ते ओलांडायला शोधनिबंध पुरत नाही. दहा हजार तास चालणारे संयंत्र लागते, त्याचा तोटा सोसणारा धनी लागतो आणि फळ येईतो तग धरणारे शासन लागते.

या कामात धीर म्हणजे काय, याचा वस्तुपाठ जर्मनीने शंभर वर्षांपूर्वी घालून दिला आहे. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, तोही ऑस्मियम या अतिदुर्मीळ धातूच्या साह्याने. अशा धातूवर उद्योग उभा राहणार कसा? बीएएसएफ कंपनीतील आल्विन मिटाश यांनी हट्टाने स्वस्त पर्याय शोधण्याचा उद्योग आरंभला. १९१२पर्यंत सुमारे अडीच हजार पदार्थ, साडेसहा हजार चाचण्या. अखेर उत्तर निघाले ते लोखंडात, स्वीडनच्या एका खाणीतील लोहखनिजात, थोडी ॲल्युमिना आणि थोडे पोटॅश यांच्या संगतीने. १९१३ साली ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. आज जगातील निम्म्याच्या आसपास लोकांचे अन्न या खतावर पिकते आणि त्या लोखंडी उत्प्रेरकाचा मूळ साचा आजही तोच आहे. मिटाश यांच्या वरिष्ठांनी पाचशेव्या चाचणीनंतर 'आता पुरे, विकत आणू' असे म्हटले असते तर?

'विकत आणू' हेच तर येथल्या शहाण्यांचे ब्रह्मवाक्य आहे. वातानुकूलित सभागृहांत भरणाऱ्या परिषदांतून त्यांचा युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. जगाची बाजारपेठ खुली आहे, जेथे जे स्वस्त तेथून ते घ्यावे, चाकाचा शोध पुन्हा कशाला लावायचा? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तो करणाऱ्यांना क्रायोजेनिक इंजिनाची आठवण करून द्यावी लागते, आणि तो विषयही योगायोगाने हायड्रोजनचाच. द्रव हायड्रोजनवर चालणारे इंजिन आणि त्याचे तंत्रज्ञान रशियाच्या ग्लावकॉसमॉसकडून घेण्याचा करार भारताने केला होता. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि ग्लावकॉसमॉसवर निर्बंध लादले. पुढल्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार देऊन नुसती तयार इंजिने देऊ केली. पैसे तयार होते, माल तयार होता, खुली बाजारपेठ एका रात्रीत बंद झाली. इस्रोने दात-ओठ खाल्ले आणि कामाला लागली. अपयशे पचवली. ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाने जीएसएलव्ही-डी५ यशस्वीपणे उंचावले. दोन दशके गेली, पण आज त्या इंजिनासाठी कोणापुढे पदर पसरावा लागत नाही. उत्प्रेरकाच्या बाबतीत हीच नामुष्की आधी ओढवून घ्यायची आणि मग जागे व्हायचे, असा काही नवस बोललेला आहे काय?

अभियानाच्या जमाखर्चाकडे या दृष्टीने पाहावे. १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी रुपये विद्युत्-विघटकांची निर्मिती आणि हायड्रोजनचे उत्पादन यांना प्रोत्साहन म्हणून राखलेले. १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना. संशोधन आणि विकासाला ४०० कोटी. शंभर रुपयांतले दोन! त्या दोन रुपयांत निर्मिती, साठवण, वाहतूक, वापर आणि सुरक्षितता या सर्वांचे संशोधन करायचे. मग द्रव वाहकातून हायड्रोजन सोडवणाऱ्या उत्प्रेरकाच्या वाट्याला किती पैसे येणार, हे गणित चौथीतल्या मुलानेही मांडावे. सरकार मनाजोगे आहे म्हणून त्याला हिशेब विचारायचा नाही, ही रीत दरबारी लोकांची, कार्यकर्त्याची नव्हे. विद्युत्-विघटकाच्या कारखानदाराला स्वदेशी मूल्यवर्धनाची अट घातली गेली, ती योग्यच होती. तोच न्याय उत्प्रेरकाला लावण्यात अडचण कोणती?

विरोधकांनी या ठिकाणी फार आनंदून जाऊ नये. संशोधनाला दोन रुपये देण्याची खोड या देशाच्या राज्यकर्त्यांना पहिल्यापासूनच लागलेली आहे. प्रयोगशाळांच्या देखण्या इमारती बांधायच्या आणि त्यांचे कारखान्याशी नाते जोडायचे विसरायचे, हा प्रघात दिल्लीत दशकानुदशके चालला. अपवाद झाले तेथे मात्र चमत्कार घडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या पुढाकाराने 'एन्सिलाइट' हे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले आणि ते बडोद्याच्या आयपीसीएलच्या संयंत्रात प्रत्यक्ष कामाला लागले. म्हणजे भारतीय माणसाला उत्प्रेरक करता येतो, कारखान्यातही चालवता येतो. प्रभादेवीहून हाकेच्या अंतरावर, माटुंग्यातील, १९३३ साली स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, जुन्या लोकांच्या 'यूडीसीटी'त, प्रा. गणपती यादव आणि सहकाऱ्यांनी ओएनजीसी एनर्जी सेंटरच्या साथीने तांबे-क्लोरीन चक्रातून हायड्रोजन काढण्याचे काम केले. नागपूर, पुणे, माटुंगा. एका राज्यात तीन केंद्रे, आणि तिघांना बांधणारा एकही धागा असू नये?

गिरणगावाची कहाणी येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. या भागातील गिरण्यांत चात्या होत्या, माग होते, कामगार होते, कापूसही येथलाच होता. यंत्रे मात्र लँकेशायरची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची नावे त्यांच्या लोखंडावर कोरलेली. मालकांनी नफा कमावला, बंगले बांधले, पण सुधारलेला माग येथेच घडवावा हा ध्यास बाळगणारे त्यांच्यात विरळा. तिकडे जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलाने माग सुधारण्यातच आयुष्य घातले. १९२९ साली त्याच प्लॅट ब्रदर्सना टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क पैसे मोजून विकत घ्यावे लागले, आणि त्या घराण्याने पुढे मोटारी बनवल्या. मुंबईत जुनी यंत्रे जुनीच राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाला सारा दोष देणे सोयीचे आहे; संपाआधीच पोखरलेल्या त्या डोलाऱ्याविषयी कोणी बोलत नाही. २००५ मध्ये ज्युपिटर गिरणीची जमीन विकली गेली, आज तेथे काचेचे मनोरे आहेत आणि गिरणी कामगारांच्या घरचे काहीजण तेथे सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले, ते व्हायलाच हवे होते. फलकावरचा साहेब गेला. यंत्रावर कोरलेला साहेब घालवणे अधिक कष्टाचे आहे.

आणि केवळ शासनाला बोल लावून सुशिक्षित कुटुंबांना सुटका नाही. दादर-प्रभादेवीच्या घरांतून मुलगा किंवा मुलगी गुणवत्ता यादीत झळकली की संगणक अभियांत्रिकी, त्यानंतर अमेरिका, हा क्रम ठरलेला. रसायनशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलीला 'पुढे काय करणार?' असा प्रश्न घरातल्याच मंडळींकडून येतो. सायंकाळी याच घरांतून पुष्पक विमानाच्या गोष्टी रंगतात. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान असावा, तो आचार्य रायांनाही होता. पण त्यांच्या हाताला आम्लाचे डाग होते.

करायचे काय, तेही कोड्यात टाकणारे नाही. संशोधनाच्या ४०० कोटींत उत्प्रेरकासाठी वेगळा, जाहीर केलेला वाटा असावा. नागपूरच्या नीरीत झालेल्या कामाच्या पायावर माहुल किंवा तारापूरच्या परिसरात योकोहामासारखे दहा हजार तास चालणारे प्रात्यक्षिक संयंत्र उभे राहावे, आणि त्यात माटुंग्याचे अभियंते व पुण्याचे रसायनज्ञ एकाच हजेरीपटावर असावेत. ज्या सार्वजनिक तेल कंपन्या हायड्रोजनच्या मोठ्या ग्राहक आहेत, त्यांनी पहिली खरेदी स्वदेशी उत्प्रेरकाची करण्याची हमी द्यावी. पहिला ग्राहकच नसेल तर कोणता उद्योजक तोटा सोसायला पुढे येणार? भंगारात जाणाऱ्या मोटारींच्या धुराड्यातील उत्प्रेरक पेट्यांत प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम असतात. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत, आणि त्या मोडीत निघू लागतील तेव्हा तो धातू देशातच शुद्ध करून घेण्याची व्यवस्था आजच उभारली, तर खाण नसलेल्या देशाची ती खाणच ठरेल. महाराष्ट्राच्या विधिमंडळात राज्याच्या हायड्रोजन धोरणावर पुन्हा चर्चा होईल तेव्हा निदान एका सदस्याने उभे राहून विचारावे: या धोरणातून अनुदान घेणारे जे प्रकल्प हायड्रोजन द्रव वाहकातून नेणार आहेत, त्यांच्या संयंत्रातील उत्प्रेरक कोणत्या देशातून येणार आहे?